पुढच्याचा हात

रांगेत सायकल चालवणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. चष्मेवाला हे सायकलवाल्यांच्या टोळीत आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच रविवारी सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज थेट हेडमास्तरांचा व्हायचा. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवलं की वारा तो खातो आणि आपण फुकटात जातो. पण खड्डा, खडी, फुटलेली काच, जे काही असेल ते फक्त पहिल्याला दिसतं. म्हणून पहिल्याने हात खाली सोडून बोट दाखवायचं आणि ओरडायचं, "खड्डा!" मग तेच दुसऱ्याने करायचं, मग तिसऱ्याने, अगदी शेवटच्यापर्यंत. "हात दाखवायला विसरणाऱ्याने घरी बसून टीव्ही बघावा," असं तो वर म्हणायचा. एकदा बेकरीवाल्याला ऐन वेळी शिंक आली, हात दाखवायचा राहिला आणि मागच्या बँकवाल्या बाईंचं चाक वाकडं झालं. तेव्हा चष्मेवाल्याने बेकरीवाल्याला महिनाभर रांगेच्या शेपटाला ठेवलं होतं. बिचाऱ्याची शिंक तरी खरी होती.

टोळीचे मार्ग आखायचं कामही चष्मेवाल्याकडेच. आठवडाभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर नकाशा पसरायचा, हा त्याचा शिरस्ता. गावाबाहेरचा मुलूखही तसा सायकलवाल्यांसाठीच घडवल्यासारखा होता. पूल ओलांडला की नदी डाव्या हाताला यायची आणि बराच वेळ सोबत करायची. मग रस्ता तिला सोडून टेकाडांत शिरायचा. एक चढ संपला म्हणून हुश्श करावं तर दुसरा दारात उभा, आगंतुक पाहुण्यांसारखा. बांधाबांधांनी कापलेली शेतं, फळबागा, कुंपणापलीकडे रवंथ करणारी गुरं, मध्येच एखादं बंद पडलेलं पंपघर. आणि शेवटी, पाय अगदी मोडायला आल्यावर, खाली दुसरं खोरं उघडायचं आणि तळाशी दुसरी नदी चकाकायची. कुठल्या चढानंतर कुठला उतार ठेवला की माणसं दमतात पण रुसत नाहीत, हे चष्मेवाल्याला बरोबर माहीत होतं. या मुलखातला पहिला मान आपला, असं तो उघड कधी म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती. चढावर तोच सगळ्यांच्या पुढे असायचा.

मग टोळीत व्याही आले.

व्याही म्हणजे त्याच्या लेकीचे सासरे. शाळेची बस चालवायचे. वयाने चष्मेवाल्याहून दोन वर्षं मोठेच, पोट थोडं सुटलेलं, डोक्यावर चांदणं पडलेलं. सायकल म्हणाल तर तरुणपणीची, लोखंडी, दोन माणसांनी उचलावी अशी. "आम्ही आपलं मागे मागे राहू, व्याही, तुम्ही सांभाळून घ्या," असं पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाले. चष्मेवाल्याने मोठ्या मनाने सांभाळून घ्यायचं ठरवलं. पण सांभाळायची वेळच आली नाही. दुसऱ्याच चढावर व्याही त्याच्या शेजारून शीळ घालत वर गेले. वर जाऊन थांबले, वळले आणि म्हणाले, "काय सुंदर मार्ग आखलाय हो!"

मनापासून म्हणाले. तेच तर झोंबलं. माणूस शेखी मिरवणारा असता तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. व्याही वर्षभर दर रविवारी येत राहिले, चढावर पुढे जात राहिले आणि वर पोचल्यावर चष्मेवाल्याच्या मार्गाची तारीफ करत राहिले. बेकरीवाला एकदा हसत म्हणाला, "व्याह्यांनी तुमची पोर पण नेली आणि चढ पण नेला." सगळे हसले. चष्मेवालाही हसला, पण दात दाखवण्यापुरताच. घरी जाऊन बायकोवर मात्र उगाच डाफरला, की पाण्याची बाटली नीट धुतलेली नव्हती.

आता खरं सांगायचं तर त्या रविवारचा मार्ग चष्मेवाल्याने व्याह्यांसाठीच आखला होता. नदी सोडल्यावर ओळीने सात टेकाडं आणि शेवटी पाण्याच्या टाकीचा लांबलचक चढ. लोखंडी सायकल या चढावर माणसाचा जीव काढणार, हा त्याचा हिशेब. हिशेब अर्धाच बरोबर आला. टोळीतल्या बाकीच्यांचा जीव निघाला आणि ते पार मागे, फळबागांपाशीच राहिले. टाकीच्या चढावर दोघेच उरले. अर्ध्यावर चष्मेवाल्याच्या छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. व्याही त्याच्या शेजारी आले. शीळ थांबवली, सायकल हळू केली आणि हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले, "दमलात का, व्याही? मी पुढे होतो, तुम्ही माझ्या मागे या. वारा मी घेतो."

ऐकायला आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला होता. चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "काही नको," तो म्हणाला आणि दात-ओठ खात टाकीपर्यंत पोचला. उतार लागताच तो पुढे झाला. उताराला दम लागत नाही, तिथे रस्ता पाठ असावा लागतो, आणि तो त्याला पाठ होता. व्याही मुकाट्याने त्याच्या मागे लागले, हातभर अंतर ठेवून, त्यानेच शिकवल्याप्रमाणे.

खाली खोरं पसरलेलं होतं. नदीवर ऊन होतं. रस्ता दोन वळणं घेऊन झाडांच्या सावलीत शिरत होता आणि त्या सावलीत, कुणीतरी पाइप टाकायला खणून अर्धवट बुजवलेला चर होता. चष्मेवाल्याला तो लांबूनच दिसला. डोळे तपासणारा माणूस तो, त्याला दिसणारच. त्याने सायकल हळूच उजवीकडे घेतली. उजवा हात दांड्यावर होता, डावाही दांड्यावर होता. डावा उचलायचा होता. त्याने उचलला नाही. ओरडलाही नाही.

व्याही मरावेत असं त्याच्या मनात नव्हतं. पडावेत असंही नव्हतं, देवाशपथ. बसू दे एक दणका, एवढंच होतं. हादरू दे जरा, शीळ बंद होऊ दे. एका श्वासाएवढा तो विचार, पण तेवढ्या वेळात हात दोनदा उचलून झाला असता.

मागे लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच आवाज आला नाही.

चष्मेवाल्याने सायकल टाकली आणि धावत मागे गेला. व्याही रस्त्याकडेच्या गवतात कुशीवर पडले होते. चेहरा पांढराफटक, खांदा भलत्याच जागी. त्यांनी डोळे उघडले, चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "माझंच लक्ष नव्हतं हो. तुम्हाला नाही ना लागलं?"

पुढचं सगळं चष्मेवाल्याने चोख केलं. आपला शर्ट काढून हात गळ्यात बांधला, अँब्युलन्स बोलावली, तिच्यात बसून दवाखान्यात गेला, खांद्याजवळचं हाड मोडल्याचं कळल्यावर डॉक्टरांशी बोलला, बाहेर बसलेल्या विहीणबाईंना पाणी आणून दिलं. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही जवळ होता म्हणून निभावलं." टोळीतल्यांनी पाठ थोपटली. लेक आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडली. "अप्पांना काही झालं असतं तर मी काय केलं असतं, बाबा?" ती म्हणाली. सासऱ्यांना ती अप्पा म्हणायची. सासू जरा कडक होती. त्या घरात पहिल्या वर्षी तिची बाजू घेणारं माणूस एकच होतं, अप्पा. चष्मेवाल्याला हे माहीत होतं. लेकीच्या पाठीवरून हात फिरवताना त्याला आपला तो डावा हात दिसला आणि त्याने तो खाली घेतला.

त्या दिवसापासून चष्मेवाल्याचं काही खरं राहिलं नाही. जेवायला बसला की घास तोंडात फिरायचा. बायको म्हणाली, "व्याही पडले आणि वाळताय तुम्ही, हे कसं काय?" दुकानात एका बाईंना त्याने त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि बाई तो लावून घरीही गेल्या. रविवारी टोळी निघाली तेव्हा गुडघ्याचं निमित्त काढून तो घरीच राहिला. रोज संध्याकाळी मात्र फळं घेऊन व्याह्यांकडे जायचा. जन्मात कधी फळ न सोललेला माणूस, ते सोलून द्यायचा. आज सांगू, असं ठरवून जायचा आणि फळ सोलून परत यायचा. जिन्यात तो स्वतःला समजवायचा: सांगून हाड थोडंच लवकर जुळणार आहे? शिवाय पोर त्या घरात नांदतेय. तिच्या नावावर खपवलेला हा भित्रेपणा आहे हे त्याला कळत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

दीड महिन्याने व्याह्यांचा हात गळ्यातून निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ते काउंटरपाशी न थांबता थेट मागच्या, डोळे तपासायच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसले.

"डोळे बघा माझे," ते म्हणाले. "नीट बघा. नात्याचा विचार करू नका."

"चाळिशी बदलायची का?"

"वाचायचं नाही हो. लांबचं." त्यांनी आवाज खाली आणला, अगदी त्या चढावरच्यासारखा. "एवढा मोठा चर, व्याही. लोकांनी मला नंतर दाखवला. चांगला हातभर रुंद. तुम्हाला दिसला, तुम्ही वळवलीत. मला दिसला नाही. दीड महिना मी तोच विचार करतोय. आमच्या आईचेही याच वयात गेले होते डोळे."

चष्मेवाल्याने खोलीतला दिवा मालवला, तक्त्यावरचा लावला आणि तपासणीची जड फ्रेम व्याह्यांच्या नाकावर बसवली.

"सोमवारी कामावर हजर व्हायचंय," व्याही अंधारात बोलत राहिले. "मागे पन्नासएक पोरं बसलेली असतात. दंगा करत असतात, एकमेकांच्या टोप्या पळवत असतात. एकालाही पुढचा रस्ता दिसत नाही. दिसायची गरज वाटत नाही त्यांना, कारण पुढे मी आहे. माझेच डोळे गेले तर मी तिथे बसायचं कशाला? डेपोत तिकीट खिडकीवर जागा आहे, ती मागून घेईन."

चष्मेवाल्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण दुकानाची फरशी पक्की होती. त्याने एक डोळा झाकला, वाचायला सांगितलं. व्याह्यांनी वाचलं. दुसरा झाकला. व्याह्यांनी खालची ओळ वाचली, त्याखालची वाचली, आणि जी ओळ चष्मेवाला स्वतः चष्म्याशिवाय वाचू शकत नव्हता तीही वाचली. बाजूचं किती दिसतं ते पाहिलं. आत प्रकाश टाकून पाहिलं. या वयात असे डोळे त्याने क्वचितच पाहिले होते. त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसलाच. सुटलो! डोळे चांगले आहेत हे खरं आहे, ते खरं सांगायचं, व्याही बसवर जातील आणि बाकीचं बोलायची वेळच येणार नाही.

"ठणठणीत आहेत!" तो म्हणाला आणि दिवा लावला. "पोरांना हेवा वाटावा असे डोळे आहेत तुमचे."

व्याह्यांचा चेहरा उजळला नाही. उलट पडला.

"काहीच नाही? थोडाही नंबर नाही?"

"काही नाही."

"मग डोकं गेलं म्हणायचं," व्याही फ्रेम काढत म्हणाले. "डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरलं नाही. डोळ्यांचं असतं तर चष्म्याने भागलं असतं. डोक्याला कुठला चष्मा लावणार?" ते उठले. "चला. खिडकी तर खिडकी."

इथे चष्मेवाल्याने तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही, पण त्यातून बाहेर पडलं ते भलतंच. "थांबा, थांबा, बसा. उजव्या डोळ्याचं पुन्हा बघू दे. मघाशी मला जरा शंका आली होती." त्याने पुन्हा दिवा मालवला, दोन-चार काचा उगाच खाली-वर केल्या, हं हं केलं आणि म्हणाला, "आहे. अगदी बारीक आहे. सावलीत, चालत्या गाडीवर, तेवढ्यानेही फरक पडतो."

"बघा!" व्याही ओरडलेच. आपले डोळे अधू झाल्याचं ऐकून इतका आनंद झालेला माणूस चष्मेवाल्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "मला वाटलंच होतं. बनवा, बनवा चष्मा. चांगला मजबूत बनवा."

चष्मेवाल्याने चष्मा बनवला. साध्या, बिननंबरी काचा यंत्रावर घासून फ्रेमच्या मापाच्या केल्या. खिडकीच्या काचेतून दिसेल तेवढंच त्यांतून दिसत होतं. काम करताना तो स्वतःशी वाद घालत होता. यात नुकसान कुणाचं? व्याह्यांचे डोळे चांगले, पोरं सुखरूप, व्याह्यांचा धीर परत, लेकीचं घर शांत. ज्याने चूक केली त्यानेच निस्तरली. वाद असा बिनतोड होता की शेजारी कुणी असता तर त्याने मान डोलावली असती. फक्त काचा पुसताना त्याला वर बघवेना, कारण समोर आरसा होता. चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा!

शनिवारी सकाळी व्याही आले. दाराशी काहीतरी टेकवून ठेवल्याचा आवाज झाला. चष्मेवाल्याने मान उंचावून पाहिलं तर बाहेर ती लोखंडी सायकल, धुऊन-पुसून चकचकीत केलेली, साखळीला तेल दिलेलं.

"एवढ्यात सायकल चालवत आलात?"

"छे, हाताने ढकलत आणली." व्याह्यांनी चष्मा लावला, दारात जाऊन रस्त्याच्या टोकाची पाटी वाचली, समोरच्या इमारतीवरचं पुसट झालेलं नाव वाचलं आणि परत आले. "स्वच्छ! काय हो ही काच! जग धुऊन ठेवल्यासारखं वाटतंय." ते खुर्चीवर बसले. "आता एक विचारतो. तुम्ही या धंद्यातले. हा चष्मा लावून मी त्या पोरांना न्यायला हरकत नाही ना? मला डॉक्टरचा कागद नको, डेपोचा नको. तुम्ही जा म्हणालात तर जातो."

चष्मेवाल्याने मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते त्यालाही कळलं नसावं.

"आणि दुसरं म्हणजे, सायकल," व्याही म्हणाले. "जेवढी नजर उरलीय तेवढी बसला पुरवायची असं ठरवलंय मी. दोन्हीकडे उधळून चालणार नाही. फार मजा आली, व्याही. त्या टेकाडांत, नदीच्या काठाने. इतकी वर्षं एकाच रस्त्यावरून बस फिरवली, मला ठाऊकच नव्हतं की गावाबाहेर एवढं काही आहे. तुम्ही दाखवलंत. म्हणून म्हटलं, सायकल दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तुमच्याकडेच राहू दे. तुमच्याइतकी कुणी जपणार नाही."

असं म्हणून त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली.

चष्मेवाला त्या किल्लीकडे बघत राहिला. दीड महिना जे घशाशी येऊन परत जात होतं त्याला आता परत जायला जागाच उरली नव्हती.

"व्याही, तो चष्मा काढा," तो म्हणाला. "त्यात नंबर नाही. साध्या काचा आहेत. तुमचे डोळे चांगले आहेत आणि डोकंही चांगलं आहे."

व्याही हसले. "मग पडलो कसा?"

"चर मला दिसला होता. मी हात दाखवला नाही."

व्याही समजूत घातल्यासारखे म्हणाले, "वेळ मिळाला नसेल हो. उताराला कुठे मिळतो वेळ!"

सुटकेचं दार उघडं होतं. व्याह्यांनीच ते त्याच्यासाठी धरून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"मिळाला होता," चष्मेवाला म्हणाला.

व्याह्यांनी चष्मा काढला. सावकाश दुमडला. काउंटरवर ठेवला. मग मान वळवून, मागच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या तक्त्याकडे पाहिलं आणि तिथूनच, एवढ्या लांबून, सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. "म्हणजे मी बरा आहे," ते म्हणाले. "अहो, म्हणजे मला काही झालेलंच नाही!" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले. "दीड महिना मी गच्चीवर जात होतो हो. हिला म्हणायचो, हवा खायला जातो. आणि तिथे उभा राहून लांबच्या पाट्या वाचायचो. वाचता यायच्या. तरी वाटायचं, पाठ झाल्यात म्हणून येतायत."

चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली होती. हसू ओसरलं तसे व्याही त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघू लागले.

"का पण?"

"चढावर तुम्ही विचारलंत, दमलात का."

"मी खरंच विचारलं होतं. तुमचे ओठ निळे पडले होते."

"माहीत आहे." चष्मेवाला म्हणाला. "पडाल असं वाटलं नव्हतं. तुमची शपथ. मला वाटलं, एक दणका बसेल फक्त."

"दणका," व्याही म्हणाले. उजव्या हाताने त्यांनी आपला डावा खांदा चाचपला, तो अजून पुरता वर जात नव्हता. बाहेरून एक गाडी गेली. चष्मेवाला वाट बघत होता. त्याला शिवी हवी होती, मुस्कटात हवी होती, निदान आवाज चढायला हवा होता. माणूस ओरडला की त्याची माफी मागता येते. व्याही ओरडले नाहीत. ते बोलले तेव्हा त्यांचा विचार भलत्याच ठिकाणी पोचलेला होता.

"हे घरी कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "आमच्या घरी तर नाहीच, तुमच्याही घरी नाही. माझ्या हिची जीभ तुम्हाला माहीत आहे. उद्या पोरीच्या हातून एक कप फुटला तरी ती म्हणेल, कुणाची लेक आहे! पोरीला मान वर करून वावरू द्या. तुमचं मन हलकं करायला म्हणून तिच्या डोक्यावर हे ठेवू नका. मला शब्द द्या."

"दिला," चष्मेवाला म्हणाला. लेकीच्या नावामागे तो दीड महिना लपला होता, पण तिचा खरा विचार या माणसाने एवढ्याशा वेळात केला होता. लाज म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं.

व्याही उठले. काउंटरवरची किल्ली उचलून त्यांनी खिशात टाकली. चष्मा तिथेच राहिला. दारात थांबून ते म्हणाले, "सायकल मी नेतो. खांदा सुटला की येईन रविवारी. तुमचे मार्ग चांगले असतात, त्यात खोट नाही. पण रांगेत तुमच्या मागे मी राहणार नाही. बेकरीवाल्याच्या मागे राहीन. लोकांना काय वाटायचं ते वाटो."

चष्मेवाला त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. व्याही सायकल ढकलत निघाले. त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि एवढा धडधाकट माणूस दीड महिना तिरपा चालत होता हे चष्मेवाल्याच्या आत्ता, तो सरळ चालायला लागल्यावर लक्षात आलं. दिवसभर त्याने दुकान उघडं ठेवलं, गिऱ्हाइकं केली, कुणाला चुकीचा चष्मा दिला नाही. संध्याकाळी घरी आला तर बायको फोनवर होती. तिने फोन त्याच्यापुढे केला. "घ्या, लेक आहे. काय करून आलात कोण जाणे, नुसतं कौतुक चाललंय."

"बाबा!" लेक फोनमध्ये मावत नव्हती. "काय जादू केलीत हो अप्पांवर? घरी आले ते सरळ जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. सोमवारपासून बसवर जाणार म्हणाले. इतके दिवस आम्ही सगळे विचारत होतो, काय होतंय, काय होतंय, तर एक अक्षर बोलत नव्हते. काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. डोळे तपासले."

"तेच म्हणाले ते. म्हणाले, तुझ्या वडिलांनी माझी सगळी भीती घालवली. आईंसमोर म्हणाले, बाबा! आणि आईंनी चक्क मान डोलावली. मला इतकं बरं वाटलं ना." ती श्वास घ्यायला थांबली. "अप्पा म्हणतात, असा व्याही मिळायला भाग्य लागतं."

चष्मेवाल्याने डोळे मिटले. बायको समोर उभी राहून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. फोनवर लेक उत्तराची वाट बघत होती, आणि जे सांगावंसं वाटत होतं ते सांगायची आता त्याला मुभा नव्हती, ना आज, ना कधी.

"हो," तो म्हणाला.